आर.सी. बुकातली गाडी

लाकडी चाकाची बैलगाडी जाऊन रबरी टायरची गाडी आली, तेव्हा आमच्याकडे तिला कुणी वेगळी गाडी म्हटलं नाही. जू तेच, साटा तोच, बैलजोडी तीच. धाव बसवलेली चाकं तेवढी निघाली आणि मोटारीचे जुने टायर आले. लोक तिला 'डनलॉप' म्हणू लागले आणि तंबाखूच्या बोदांनी भरलेली डनलॉप डांबरी रस्त्यावरून खडखडाट न करता जाऊ लागली. सुताराने ठोकलं, लोहाराने आवळलं, मालकाने पैसे दिले. चौथ्या माणसाचा त्यात काही संबंध नव्हता.

मोटारीला मात्र चौथा माणूस असतो. तो टेबलामागे बसतो आणि त्याच्यापुढे एक पुस्तक असतं. आता त्या पुस्तकाचं प्लास्टिकचं कार्ड झालं आहे, मोबाईलवर दाखवलं तरी चालतं. पण आमच्या तोंडी अजून 'आर.सी. बुक'च आहे. मोटार कारखान्यात एकदा जन्मते आणि या पुस्तकात दुसऱ्यांदा. इंजिन नंबर, चासी नंबर, किती सीसी, कोणतं इंधन, किती माणसं बसणार, वजन किती, रंग कोणता, सगळं तिथे लिहिलेलं. रस्त्यावरची गाडी आणि बुकातली गाडी एकच असली पाहिजे, एवढंच या कायद्याचं म्हणणं. पण 'एकच' म्हणजे किती एकच? सीटचं कव्हर बदललं तर? टायर रुंद घातले तर? इंजिनाची ताकद वाढवली तर? यातलं काय रस्त्यावर चालतं आणि काय चालत नाही?

मी वकील नाही. निपाणीच्या एका हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. पण माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, जुन्या पी.बी. रोडला गॅरेज आहे आणि त्याच्या चिरंजीवांनी गेली दोन वर्षं घरात जो विषय पेटता ठेवला आहे, त्यामुळे मला मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम व्याकरणाच्या पुस्तकासारखं ओळीओळीने वाचावं लागलं.

दादाच्या गॅरेजात हत्यारांची नावं इंग्रजी, शिव्या मराठी आणि हिशेब कानडीत. तो काम शिकला कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथल्या मिस्त्र्यांची जात वेगळीच. बिघडलेला भाग बदलायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तो घडवायचा असतो अशी त्यांची समजूत. ही समजूत आमच्या मुलखात जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, तिथेच लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली जागा सोडावी लागल्यावर कुंडलच्या माळावर औंध संस्थानच्या आधाराने कारखाना उभा केला. हे आम्ही शाळेत धडा म्हणून वाचलं. दादाने मात्र ते धडा म्हणून वाचलं नाही. लेथसमोर उभं राहण्याचा परवाना म्हणून वाचलं असावं.

त्याचं नाव झालं ते पेट्रोलच्या अँबॅसिडर डिझेलवर करून देण्यात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याहून कमी होता. वडापवाले, डॉक्टर, तंबाखूचे व्यापारी सगळ्यांना डिझेल गाडी हवी होती, आणि नवी घ्यायची तर पैसा नाही. दादा भंगारातून डिझेल इंजिन आणायचा, उघडून पुन्हा बांधायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नसत; त्यासाठी मधे बसवायची जाड प्लेट तो स्वतः उतरवून घ्यायचा. भोकं अर्ध्या केसाने हुकली तरी क्लच रडतो, म्हणायचा. डिझेल इंजिन वजनाला जड, म्हणून पुढचे टॉर्शन बार आवळायचे, नाहीतर गाडी नमस्कार घालत चालते. रेडिएटर मोठा. बॅटरी मोठी, कारण डिझेलला फिरवायला जोर लागतो. आणि सगळ्यात शेवटी, पण गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी, ब्रेक. चारी ड्रम उघडून लायनर पाहिल्याशिवाय त्याच्या गॅरेजातून गाडी बाहेर पडली नाही.

आणि मग कागद. हे मुद्दाम सांगतो, कारण आजच्या मुलांना वाटतं की तो सगळा चोरीचा मामला होता. तसं नव्हतं. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, त्यातलं मूळ बावन्नावं कलम मोठं समजूतदार होतं. मालकाने गाडीत असा बदल करू नये की ज्यामुळे आर.सी. बुकातला तपशील खोटा ठरेल. करायचा असेल तर आधी नोटीस द्यावी, मंजुरी घ्यावी. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने उत्तर द्यावं. आणि सात दिवसांत उत्तर आलं नाही तर? तर मंजुरी मिळाली असं धरावं! सरकारच्या मौनाला संमती मानणारं कलम मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. वजनात शेकडा दोन इतका फरक जोड-सामानामुळे पडला तर तोही माफ. गाडी कोल्हापूर पासिंगची आणि मालक निपाणीचा असला तर इथल्या अधिकाऱ्याने नोंद करायची आणि मूळच्या अधिकाऱ्याला कळवायचं, हेही लिहिलेलं. दादाच्या गाड्या अशा रीतसर दाखवल्या जात. इन्स्पेक्टर बॉनेट उघडून बघायचा, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा, आणि बुकात 'पेट्रोल'वर काट मारून 'डिझेल' लिहिलं जायचं. त्या एका शब्दाच्या शाईवर दादाने आमच्या दोन बहिणींची लग्नं केली.

चोरीचा मामलाही होता, तो गॅसचा. नव्वदीत ओम्नी व्हॅनच्या मागच्या सीटखाली घरचं लाल सिलिंडर आडवं घालून फिरणारे कमी नव्हते. शाळेची पोरं त्याच सिलिंडरवर बसून शाळेत यायची. दादाकडे अशी कामं येत, तो हाकलून लावी. "स्वयंपाकघर घेऊन फिरायचं नसतंय," म्हणायचा.

मग २००० साल आलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने एकाच फटक्यात एक दार उघडलं आणि एक लावून घेतलं. उघडलं ते गॅसचं. सी.एन.जी., एल.पी.जी., बॅटरी, सौरऊर्जा अशा वेगळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्य किट बसवायला परवानगी मिळाली; पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, मोटारीतल्या एल.पी.जी.साठी स्वतंत्र आदेशही निघाला. म्हणजे जे चोरून आणि धोक्याने चाललं होतं, ते मोजूनमापून आणि शिक्का मारून चालू लागलं. लावून घेतलं ते दुसरं दार. पूर्वी कायदा म्हणत होता, बुकात लिहिलंय त्यापेक्षा वेगळं करणार असाल तर सांगून करा. आता तो म्हणू लागला, निर्मात्याने मुळात जो तपशील दिला त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करूच नका. वाक्यात फरक चार शब्दांचा. पण आधीच्या कायद्यात शेवटचा शब्द इन्स्पेक्टरचा होता, नव्या कायद्यात तो कारखानदाराचा झाला. मालक दोन्हीकडे अर्जदारच. मिस्त्री मात्र पूर्वी वाक्यात कुठेतरी होता, तो गळाला.

दादाला हे कुणी समजावून सांगितलं नाही. एका कार्यालयात त्याचा अर्ज परत आला, नंतर दुसरा आला, तिसरा त्याने दिलाच नाही. प्लेटांचे साचे बराच काळ माळ्यावर पडून होते. पुढे डिझेल गाड्याच कारखान्यातून भरपूर येऊ लागल्या आणि तसंही ते काम संपलंच असतं. पण आपोआप संपणं वेगळं आणि 'हे आता गुन्ह्यात येतं' असं ऐकून संपणं वेगळं.

त्यानंतरही वर्षानुवर्षं देशात ठिकठिकाणी या कलमाची ओढाताण चालू राहिली. केरळच्या उच्च न्यायालयाने बदलांना अनुकूल असा अर्थ लावला होता. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही करता येणार नाही. त्याच वर्षी संसदेने कायदा पुन्हा दुरुस्त केला. मालकाने नियमाबाहेरचा बदल केला, बाहेरचा भाग बसवला तरी, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द वाचताना माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला, ते पुढे सांगतो. कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते, हा कायदा बदलत नाही. तो केंद्राचा आहे. तडजोडीचा दंड किती घ्यायचा, हे मात्र ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. त्यामुळे एकाच गुन्ह्याचे दोन भाव आम्हांला वीस किलोमीटरांत ऐकायला मिळतात.

आता आमचे चिरंजीव. उशिरा झालेलं पोर, त्यामुळे लाडाचं. पण नुसतं लाडाचं नाही, हाताचंही आहे. कोल्हापुरात डिप्लोमा केला आणि बापाच्या लेथवर वाढला. त्याने जुनी स्विफ्ट घेतली, डिझेलची. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हापासून या पोरांत त्या गाडीला भलताच मान आहे. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. गंमत अशी, की हेच इंजिन कंपनीने स्विफ्टला ७५ च्या ताकदीचं दिलं आणि आपल्याच थोरल्या गाड्यांना, टर्बो बदलून, ९० च्या ताकदीचं. पोराचं सगळं तत्त्वज्ञान या एका गोष्टीवर उभं आहे. "काका, लोखंड तेच, सीसी तेवढीच. त्यांनी केलं तर मॉडेल, आम्ही केलं तर गुन्हा?"

त्याने काय केलं, तर गाडीच्या संगणकात लॅपटॉप लावून इंधनाचं आणि टर्बोच्या दाबाचं गणित बदलून घेतलं. याला ते 'रिमॅप' म्हणतात. त्याच्या मते ताकद ९५ च्या पुढे गेली. धूर परत इंजिनात खेळवणारी वाट बुजवली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ नळी जोडली, मागे थाळीएवढ्या तोंडाचा सायलेन्सर बसवला. दादाच्या अँबॅसिडरला महिना लागायचा, याला एक दुपार पुरली, आणि त्यातही वेल्डिंगला वेळ गेला, लॅपटॉपला नाही.

पहिल्यांदा अडवलं ते आवाजामुळे. हायवेवर पोलिसाने काठी आडवी केली आणि "गाडी बाजू हच्चरी, कागद तोरस्री" म्हणाला. पोराने कागद दाखवले. कागद चोख होते! इंजिन नंबर तोच, चासी तीच, १२४८ सीसी, डिझेल. पोलीस मराठीत आला आणि म्हणाला, "कागद बरोबर हाय, गाडी बरोबर न्हाई." या एका वाक्यात मला सगळं बावन्नावं कलम सापडलं. दंड भरून पोरगा घरी आला तो चिडूनच. त्याचा मुद्दा असा, की बुकातला एकही आकडा खोटा ठरलेला नाही, मग बदल झालाच कुठे?

मुद्दा पोरकट नाही. बावन्नावं कलम लोखंडाच्या काळात लिहिलेलं आहे; त्याला इंजिन बदललेलं दिसतं, इंजिनाची अक्कल बदललेली दिसत नाही. पण गाडी फक्त त्याच कलमाखाली चालत नसते. सायलेन्सर आवाज रोखणारा असावा, धुराची मर्यादा पाळली जावी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळं सांगितलेलं आहे. आवाज किंवा धुराचा नियम मोडला तर पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन बाद. विमा कंपनीही मूळ गाडीचा हप्ता घेते. बदल न कळवता केला आणि गाडी ठोकली, तर दावा नाकारायला तिला तेवढं निमित्त पुरतं. मी वहीत त्याच्यापुढे मांडणी केली. रिमॅप एक, बुजवलेली वाट दोन, काढलेला कन्व्हर्टर तीन, सायलेन्सर चार. चार गुणिले पाच हजार, वीस हजार. पोरगा म्हणाला, "काका, टायर राहिले." टायरही रुंद घातले होते हे तेव्हा कळलं.

आणि 'कंपनीने केलं तर मॉडेल' याचं उत्तरही साधं आहे. कंपनी नवं मॉडेल रस्त्यावर आणते तेव्हा पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत, ती संस्था १९६६ सालची, त्याचा नमुना तपासून घ्यावा लागतो. धूर, आवाज, ब्रेक सगळं. ताकद वाढवली तर तिच्यामागे येणारं सगळं तपासलं गेलेलं असतं. गॅसचं किटसुद्धा असं प्रमाणपत्र घेऊनच विकायचं असतं. पोराच्या लॅपटॉपमधल्या फाईलला कुणाचं प्रमाणपत्र होतं? फाईल विकणाऱ्याचं.

हे सगळं मी सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता, यात नवल नाही. बत्तीस वर्षं वर्गात तेच पाहिलं. दादा मात्र काही बोलत नव्हता. तो बोलला एका रविवारी.

तवंदी घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. संकेश्वरकडून निपाणीला येताना रस्ता उतरत राहतो, ट्रक खालच्या गिअरात कण्हत असतात, आणि चौपदरी रस्त्याने जो वेग अंगवळणी पडलेला असतो तो तिथे एकदम जड होतो. पोरगा शनिवारी रात्री मित्रांना घेऊन तिकडून आला. घरी येऊन जेवला, झोपला. कुणाला काही बोलला नाही. सकाळी दादा गाडीजवळून गेला आणि थांबला. वास घेतला. मग जॅक लावून पुढचं चाक काढलं. ब्रेकची डिस्क निळी पडली होती. लोखंड फार तापल्यावर येतो तो मोरपंखी निळा. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. दादाने पोराला उठवून आणलं, चाकाजवळ बसवलं आणि विचारलं, "पेडल कुठंवर गेलं हुतं?"

पोरगा बऱ्याच वेळाने म्हणाला, "खालपर्यंत."

ट्रकच्या मागे थांबता थांबता थांबली होती गाडी. हातभर अंतर राहिलं होतं, असं त्याच्या मित्राने नंतर वहिनींना सांगितलं. त्या दिवशी वहिनी देवघरातून उठल्या नाहीत.

दादा ओरडला नाही. तो म्हणाला, "इंजिन मोठं केलास, टायर मोठं केलास. ब्रेक? कंपनीनं पंच्याहत्तरच्या गाडीला दिलेलं ब्रेक हाईत हे, मागं तर ड्रम हाय. मी डिझेल भरत हुतो तवा आधी ब्रेक बघत हुतो. तुझ्या लॅपटॉपात ब्रेक कुठं हाय, दाखव मला." पोराला काही दाखवता येईना. मला तेव्हा प्रथमच वाटलं की दादाला राग कायद्याचा नाही आणि पोराचाही नाही. आपली विद्या अर्धीच पुढे गेली, याचा आहे.

मी स्वतः कायद्याच्या बाजूचा आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. रस्त्यावर गाडीत बसलेल्यापेक्षा रस्त्याकडेने चालणारा मला जवळचा वाटतो. मीही आता चालणाऱ्यांतलाच. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या परिवहन खात्याने गाड्यांपुढच्या लोखंडी 'क्रॅश गार्ड'वर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं, तेव्हा आमच्याकडे फार कुरकुर झाली. पण तो दांडा ज्याच्या मांडीत शिरतो त्याने कुरकुर कुठे करायची? शिवाय धडकेचा धक्का तो दांडाच घेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळत नाही, हे तर मालकाच्याच मुळावर. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलीस वरून रोडरोलर फिरवतात, तसले फोटो पेपरात येतात. ते मात्र मला आवडत नाहीत. दादा तर पान उलटतो. "लोखंडानं काय केलंय," म्हणतो.

एक खंत राहतेच. अर्धवट पोराची फाईल आणि पंचवीस वर्षं हात तासलेल्या मिस्त्र्याचं काम, दोन्हींना कायदा एकाच पानावर एकाच दंडात बसवतो. २०१९ च्या दुरुस्तीत केंद्राने बदलांसाठी वेगळे निकष ठरवावेत, आणि तसा बदल केला तर कंपनीची वॉरंटीही बाद धरू नये, अशी सोय लिहून ठेवली आहे. ती सोय गावच्या गॅरेजापर्यंत पोचेल अशी यायला हवी. तपासा, फी घ्या, नापास करा. पण तपासायला दार ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

एका ठिकाणी ते दार सताड उघडं आहे, आणि ते वाचून मला बरं वाटलं. अपंग माणसासाठी गाडीत बदल करायचा असेल तर ठरवलेल्या अटी पाळून तो आधी करावा आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी मागाहून घ्यावी, असं नव्या कायद्यात स्पष्ट आहे. जुन्या सात दिवसांच्या कलमाचा मायाळूपणा एवढ्याच जागी शिल्लक राहिला म्हणा ना. माझे एक सहकारी, लहानपणी पोलिओ झालेले, दादाने बसवून दिलेल्या दोन जादा चाकांच्या स्कूटरवर वीस वर्षं शाळेत आले. पाऊस असो, चिखल असो, पहिली घंटा त्यांची कधी चुकली नाही. आता त्यांनी मोटार घेतली आहे आणि क्लच, ब्रेक हाताने चालवायची जोडणी हवी आहे. दादाचे हात हल्ली थरथरतात. मोजमापं तो सांगतो आणि लेथवर पोरगा उभा राहतो. परवा त्याने केलेला लिव्हर दादाने तीनदा परत दिला. चौथ्यांदा ठेवून घेतला. चांगला झालाय असं मात्र म्हणाला नाही. जोडणी पुरी झाली की गाडी दाखवायला न्यायची आहे; त्या फॉर्मावरची सगळी माहिती भरायचं काम माझ्याकडे आहे.

पळवायचीच असेल तर जागा आहेत, हे मी पोराला सांगून ठेवलं आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा वेगळाच गुन्हा आहे, त्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला खास शर्यतीचे ट्रॅक आहेत, कोल्हापुरातही गो-कार्टचा आहे. तिथे हेल्मेट असतं, अँब्युलन्स असते, समोरून कुणाची डनलॉप येत नाही. गाडी तिथवर ट्रकात घालून न्यायची. ट्रकाचं भाडं ऐकून तो गप्प बसला.

सायलेन्सर त्याने मूळचा बसवला. कन्व्हर्टरही शोधून आणला. वापरलेला, पण चालणारा. टायर परत अरुंद झाले. रिमॅपचं विचाराल तर तो म्हणतो, काढला. दादा म्हणतो, चालवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. आणि चालवून बघायला तो काही बसत नाही. मागल्या महिन्यात संकेश्वरला लग्न होतं. सगळे त्या गाडीतून गेलो, वहिनीसुद्धा. दादा सकाळी लवकर उठून स्टँडवर गेला आणि यष्टीने आला.